छाती म्हणा, स्तन म्हणा, पण गाठ दाखवा

मराठीत बाईला स्तन असतात आणि बाप्याला छाती. ही छाती फुगवायची, ठोकायची, पुढे काढून चालायची. तिच्यात गाठ होईल आणि ती गाठ ‘बायकांच्या’ कर्करोगाची निघेल, हे मनात यायला आपल्या भाषेनं जागाच ठेवलेली नाही.

शरीराला मात्र हा भेद ठाऊक नाही. वयात येईपर्यंत मुलाच्या आणि मुलीच्या स्तनाग्रामागची रचना जवळपास सारखीच असते. पुढे मुलीत ती वाढते, मुलात तेवढीच राहते. पण राहते. दूधनलिकांचे ते चार धागे साठ-सत्तर वर्षं स्तनाग्रामागे पडून असतात आणि एखाद्या दिवशी त्यांतली एखादी पेशी बिघडू शकते. पुरुषांमध्ये आढळणारे बहुतेक स्तनकर्करोग या नलिकांमध्येच सुरू होतात.

आजार विरळा आहे, हे आधीच सांगून टाकतो. स्तनाच्या कर्करोगाचे शंभर रुग्ण घेतले तर त्यांत पुरुष एखादाच. तेहतीस कोटींहून अधिक लोकवस्तीच्या अमेरिकेत २०२५ साठी धरलेला अंदाज साधारण २८०० पुरुषांचा होता. म्हणजे हा लेख वाचून झोप उडवून घ्यायचं काही कारण नाही. विरळा आजार विरळाच राहणार. पण तो झालेल्या माणसाचा घात आजारापेक्षा उशीर जास्त करतो, आणि हा उशीर टाळणं आपल्या हातात आहे.

उशीर कसा होतो, ते आपल्याच गावात पाहा. आशाताई घरी येतात आणि तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, दारू घेता का, कंबरेचा घेर किती, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का. स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्त येतं का, हे प्रश्नही त्याच फॉर्मवर आहेत, पण ‘फक्त स्त्रियांसाठी’ असलेल्या भागात. यात कुणाची चूक नाही. ज्या आजाराचे शंभरातले नव्याण्णव रुग्ण बायका, त्याची चौकशी बायकांकडेच होणार. मात्र यातून एक गोष्ट ठरते. बाप्याला हा प्रश्न दुसरं कुणी विचारणार नाही. तो त्यानं स्वतःच स्वतःला विचारायचा.

हाताला काय लागतं

पोलादपूरजवळच्या आंबेनळी घाटाखालच्या वाड्यांमध्ये उघड्या अंगाचे बाप्ये काही कमी दिसत नाहीत. लावणीत, मळणीत, संध्याकाळी ओट्यावर बनियन खांद्यावर टाकून बसलेले. छाती सगळ्यांना दिसते, पण तिच्याकडे कुणी पाहत नाही. ज्याची असते तोही नाही.

महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी दोन मिनिटं द्या. अंगाला साबण लावलेला असताना डावा हात डोक्यामागे घ्या आणि उजव्या हाताची मधली तीन बोटं सपाट ठेवून डाव्या स्तनाग्राभोवती गोल गोल फिरवा. आधी हलका दाब, मग जरा जास्त. मग काखेत. नंतर दुसरी बाजू. साबणामुळे बोटं घसरतात आणि आतलं काही टोचलं तर लगेच कळतं. पुरुषाच्या छातीवर ऊतक थोडं असल्यामुळे गाठ लपायला जागा नसते. बायकांपेक्षा आपलं काम सोपं आहे.

हाताला लागणारी संशयाची गाठ बहुधा अशी असते: एकाच बाजूला, स्तनाग्राच्या मागे किंवा किंचित कडेला, कच्च्या करवंदासारखी टणक, आणि न दुखणारी. हे न दुखणंच फसवतं. दुखलं असतं तर माणूस पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात गेला असता.

गाठीखेरीज आणखी काही खुणा आहेत. स्तनाग्र आत ओढलं जाणं. त्यावर खपली धरणं, साल निघणं, मलम लावूनही न भरणारी जखम. त्वचेला खळी पडणं किंवा ती लाल होणं. काखेत अवधाण आल्यासारखी गाठ. आणि बनियनवर, नेमका स्तनाग्राच्या जागी, रक्ताचा ठिपका.

हा ठिपका सहज घेऊ नका. गायिका बियॉन्से हिचे वडील मॅथ्यू नोल्स यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या आजाराबद्दल जाहीरपणे सांगितलं. त्यांना सुरुवातीला दिसले ते पांढऱ्या टी-शर्टवर पुन्हा पुन्हा उमटणारे रक्ताचे बारीक ठिपके. पुढे पत्नीला चादरीवरही तसेच डाग दिसले. ते डॉक्टरांकडे गेले, आजार अगदी सुरुवातीच्या अवस्थेत सापडला, शस्त्रक्रिया झाली. आपल्याकडे बनियन धुणारी बहुतेक घरची बाई असते. तेव्हा हे वाक्य तिच्यासाठी: एकाच जागी दोनदा डाग दिसला तर धुऊन टाकण्याआधी नवऱ्याला, सासऱ्याला दाखवा.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

छातीत गाठ घेऊन आलेल्या पुरुषांपैकी बहुतेकांना कर्करोग नसतो. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या स्तनाग्रामागे दुखरी चकती येते. ती वयात येताना बदलणाऱ्या संप्रेरकांमुळे येते आणि बहुधा आपोआप जाते. म्हातारपणीही स्तन वाढल्यासारखे दिसतात. यकृत खराब झालेल्या, वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्या माणसात तेच होतं. काही औषधांनीही होतं: हृदय-यकृताच्या आजारात दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी, प्रोस्टेटची काही औषधं, व्यायामशाळेत कुणी हातावर टेकवलेली स्टेरॉइडं. या वाढीला गायनेकोमास्टिया म्हणतात. ती रबरासारखी लागते, स्तनाग्राच्या बरोबर मागे असते, बऱ्याचदा दोन्हीकडे असते आणि दाबल्यावर दुखते. चरबीची गाठ मऊ असते, बोटाखाली सरकते.

हा फरक तुम्हाला सांगितला तो घाबरू नये म्हणून. स्वतःचं निदान स्वतः करून घरी बसावं म्हणून नव्हे. बोटाला जे कळतं त्याला सुईनं दुजोरा मिळेपर्यंत ते अर्धंच.

एक समजूत मात्र इथेच मोडायला हवी. ‘भारा उचलताना लागलं होतं, त्याचा मुका मार आहे,’ असं सांगत कितीतरी जण महिनोन्‌महिने काढतात. माराने कर्करोग होत नाही. मार लागल्यावर हात तिकडे जातो आणि आधीपासून असलेली गाठ पहिल्यांदा हाताला लागते, एवढंच. मुक्या माराची सूज आठ-पंधरा दिवसांत उतरते. जी उतरत नाही ती माराची समजू नका.

कुणी जास्त जागं राहायचं

सगळ्यात मोठा धोका वयाचा. हा आजार साधारण साठीच्या पुढे जास्त दिसतो. त्याखालोखाल घराणं. ज्यांच्या छातीवर पूर्वी कधी दुसऱ्या आजारासाठी किरणोपचार झाले, ज्यांचं यकृत आकसलं आहे, ज्यांना लहानपणी अंडकोष खाली न उतरण्याचा किंवा गालगुंडानंतर अंडकोष सुजण्याचा त्रास झाला, ज्यांच्यात जन्मतः एक एक्स गुणसूत्र जास्त आहे, ज्यांचं वजन फार वाढलं आहे, त्यांनीही जागं राहावं. या सगळ्यांत एक धागा समान आहे. पुरुषाच्या शरीरातला स्त्री-संप्रेरकाचा आणि पुरुष-संप्रेरकाचा तोल ढळतो. छातीवरच्या किरणोपचारांची आणि घराण्याची गोष्ट तेवढी वेगळी.

घराण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध भारतात ज्यांनी सर्वांत आधी मांडला त्यांत पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचं नाव घ्यावं लागतं. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी उंदरांच्या स्तनग्रंथींवर काम केलं आणि १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे १९९४-९५ च्या सुमारास बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुकं जगाला सापडली. पुरुषांच्या बाबतीत यांतलं दुसरं जास्त महत्त्वाचं. बीआरसीए-२ मध्ये बिघाड असलेल्या पुरुषांपैकी शंभरातल्या साधारण सहा ते आठ जणांना आयुष्यात कधीतरी हा कर्करोग होतो. इतर पुरुषांत हे प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे.

आता आपल्या घरातला हिशेब पाहा. स्तनाचा कर्करोग म्हटलं की आपण आई, मावशी, आजी एवढंच मोजतो. आत्या मोजायची राहते. हा बिघाड बापाकडूनही येतो आणि मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून एखाद्या पुरुषाला हा आजार झाला की त्याची जनुकीय तपासणी करून घ्यावी, असा सल्ला जगभर दिला जातो. रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर ती होते. तिचा फायदा त्याच्यापेक्षा त्याच्या लेकीला, बहिणीला, भाच्यांना जास्त. टाटा मेमोरियलमध्ये कर्करोगाच्या आनुवंशिकतेसाठी वेगळा विभाग आहे. ‘लेकीच्या लग्नात अडचण येईल’ म्हणून हा विषय झाकून ठेवणाऱ्या बापानं लक्षात घ्यावं की लेकीला वेळेवर तपासणी मिळणं हीच तिच्या संसाराची मोठी काळजी आहे.

पहिले पंधरा दिवस

विंचू चावला की आता महाड-पोलादपूरचा माणूस मांत्रिकाकडे न जाता दवाखान्याची वाट धरतो. हे आपोआप झालेलं नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेले रुग्ण मंत्र-अंगारा करून उशिरा यायचे आणि दगावायचे. खाटेशेजारी रात्ररात्र बसून त्यांनी निरीक्षणं केली. ती १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली आणि पुढे प्राझोसिन या औषधानं गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होतं ते एक टक्क्यापर्यंत उतरलं. औषध होतं, पण माणूस वेळेत आला तरच त्याचा उपयोग होता. ती सवय या तालुक्यांनी लावून घेतली. गाठीची सवयही लावून घेता येईल.

तेव्हा गाठ लागली की काय करायचं नाही ते आधी. बिब्बा घालायचा नाही. पोटीस बांधायचं नाही. केसतोड समजून पिळायचं नाही. झाडपाल्याचा लेप लावून ‘फुटून जाऊ दे’ म्हणायचं नाही. त्यानं त्वचा भाजते, जखम होते आणि खरी जखम कुठली, औषधाची कुठली, हे डॉक्टरलाही कळेनासं होतं.

करायचं ते असं. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा पोलादपूर-महाडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. सांगताना ‘छातीत गाठ आहे’ एवढंच म्हणू नका. छाती म्हटलं की फुफ्फुस आणि हृदय आठवतं, एक्स-रे आणि ईसीजी होतो आणि कागद ‘नॉर्मल’ येऊन तुम्ही घरी परतता. बोट ठेवून दाखवा: ‘इथे, बोंडीमागे.’ शर्ट काढायला लाजू नका.

पुढच्या तपासण्या तीन पायऱ्यांच्या असतात. पहिली, डॉक्टरांचा हात. दुसरी, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी. मॅमोग्राफी पुरुषांचीही होते. दोन पट्ट्यांमध्ये छाती दाबून चित्र घेतात, क्षणभर दुखतं. सोनोग्राफीत काखही पाहायला सांगा. तिसरी आणि निर्णायक पायरी, बायोप्सी. जागा बधिर करून जाड सुईनं गाठीचे बारीक तुकडे काढतात. त्याला ट्रूकट म्हणतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. ‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ ही भीती निराधार आहे. सुई न लावल्यामुळे मात्र तो पसरतो.

इथे एक धोक्याचं वळण आहे. घाटातल्यासारखंच, समोरचं दिसत नाही म्हणून सांगतो. एखाद्या छोट्या दवाखान्यात ‘साधी गाठ आहे, आत्ताच काढून टाकू’ असं कुणी म्हटलं तर थांबा. आधी सुईची बायोप्सी, मग शस्त्रक्रिया, हा क्रम सोडू नका. तपासणीशिवाय अर्धवट काढलेल्या गाठीमुळे पुढची शस्त्रक्रिया अवघड होते आणि काखेतल्या ग्रंथींचा हिशेब बिघडतो. काढलीच असेल तर तो तुकडा पाण्यात किंवा रिकाम्या बाटलीत न देता फॉर्मालिनमध्येच तपासणीला गेला पाहिजे, हे विचारून घ्या.

आणखी एक वस्तू जपा: ब्लॉक. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून त्याची काडेपेटीपेक्षाही लहान, पातळ वडी प्रयोगशाळा तयार करते. ती प्लॅस्टिकच्या चौकटीत असते, कडेला तुमचा नंबर घातलेला असतो. तिच्यापासून कापलेल्या काचेच्या पट्ट्या म्हणजे स्लाइड्स. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर रिपोर्टच्या कागदाबरोबर हे ब्लॉक आणि स्लाइड्सही मागतात आणि स्वतः पुन्हा तपासतात. त्या प्रयोगशाळेतून मागून घ्या. उन्हात, गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, मेण वितळतं. ही वडी विसरलात तर पोलादपूर ते मुंबई आणखी एक फेरी ठरलेली.

रिपोर्टमधलं इंग्रजी

बायोप्सीत कर्करोग आला की त्याच तुकड्यावर आणखी तीन गोष्टी तपासतात: ईआर, पीआर आणि हर-टू. या तीन शब्दांवर पुढची औषधं ठरतात, म्हणून ते समजून घ्या.

ईआर आणि पीआर म्हणजे कर्करोगाच्या पेशीत संप्रेरकांना धरणारे हुक आहेत की नाहीत. पुरुषांमध्ये दहातल्या नऊ जणांच्या आसपास ते असतात. ही चांगली बातमी, कारण मग गोळीनं हे हुक निकामी करता येतात. हर-टू हे वाढीला चालना देणारं प्रथिन. ते शून्य, १, २, ३ असं मोजतात. ३ म्हणजे आहे, शून्य आणि १ म्हणजे नाही, २ आलं तर फिश नावाची आणखी एक तपासणी करून खात्री करतात.

मग अवस्था ठरते. दोन सेंटीमीटरपर्यंतची गाठ पहिल्या गटात. आपल्या मापानं जांभळाएवढी. दोन ते पाच सेंटीमीटर म्हणजे लिंबू-रातांब्याएवढी, ती दुसऱ्यात. त्याहून मोठी तिसऱ्यात. गाठीनं त्वचेला किंवा बरगड्यांना धरलं की चौथा गट. पुरुषाच्या छातीवर मांस-चरबीची गादी पातळ असल्यामुळे लहान गाठही त्वचेपर्यंत लवकर पोचते. गाठ सापडायला सोपी, तशीच पसरायलाही सोपी. काखेतल्या ग्रंथी, गरजेप्रमाणे सीटी स्कॅन, हाडांचं स्कॅन किंवा पेट स्कॅन पाहून एकूण अवस्था ठरवतात.

अमेरिकेतल्या नोंदींनुसार आजार स्तनापुरताच असताना सापडलेले पुरुष पाच वर्षांनंतर हयात असण्याचं प्रमाण, त्यांच्याच वयाच्या इतरांच्या तुलनेत, ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. दूरच्या अवयवांत पसरल्यावर ते २० टक्क्यांच्या घरात येतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लाजेची किंमत कळते.

उपचार: चार हत्यारं

पहिलं शस्त्रक्रिया. बहुतेक पुरुषांत स्तनाग्रासह सगळं ऊतक काढतात. काखेतली पहिली पहारेकरी ग्रंथी तपासतात आणि तिच्यात आजार असेल तरच बहुधा बाकीच्या ग्रंथी काढतात. गाठ लहान असेल तर स्तनाग्र वाचवून शस्त्रक्रिया शक्य आहे का, हे विचारायला हरकत नाही. घरी येताना बगलेत एक नळी आणि पिशवी असते. तिच्यात रोज किती पाणी जमतं ते वहीत लिहायचं. खांद्याचे व्यायाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सांगितले जातात, ते चुकवू नका. चुकवले तर तो हात कोयता उचलायला वर्षभर कुरकुरेल.

काखेतल्या ग्रंथी काढलेल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते. शेतावर जाताना हातमोजे, लांब बाह्या. कापलं, खरचटलं, काटा रुतला तर लगेच धुऊन औषध लावा. हात लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

दुसरं किरणोपचार. गावाकडे याला ‘लाईट देणं’ किंवा ‘शेक’ म्हणतात. गाठ मोठी असेल, काखेत पसरलेली असेल किंवा स्तन वाचवलेला असेल तर देतात. रोज काही मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस, बहुधा तीन ते पाच आठवडे. भाजल्यासारखी त्वचा काळवंडते, नंतर सुधारते.

तिसरं केमो. बहुधा दर २१ दिवसांनी एक, अशी चार ते आठ सलाइनं. केस जातात आणि परत येतात. मुलं व्हायची असतील अशा तरुणानं केमोआधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. हे विचारायला संकोच वाटतो, पण नंतर विचारून उपयोग नसतो. हर-टू असलेल्यांना ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन बहुधा वर्षभर देतात आणि मधूनमधून हृदयाचा इको करतात. भारतात बनणाऱ्या आवृत्त्यांमुळे त्याची किंमत पूर्वीपेक्षा आवाक्यात आली आहे.

चौथं आणि सर्वांत लांब चालणारं हत्यार म्हणजे गोळी: टॅमॉक्सिफेन. रोज २० मिलिग्रॅम, किमान पाच वर्षं. स्वस्त आहे, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. पण पुरुष ती अर्ध्यावर सोडतात. अंगातून वाफा येतात, वजन वाढतं, मन चिडचिडं होतं, शरीरसंबंधाची इच्छा कमी होते आणि ‘बायकांची गोळी’ म्हणून मनात अढी असतेच. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, उपाय असतात. न सांगता बंद करू नका. एका पायाची पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला तर मात्र थांबू नका, रक्ताची गुठळी असू शकते. लांबच्या एसटी प्रवासात थांबा आला की उतरून चार पावलं चाला. नैराश्यावरची काही औषधं, विशेषतः पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन, या गोळीचा जोर कमी करतात. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं सांगा. ‘ताकदीच्या’ नावाखाली मिळणाऱ्या पुड्या आणि टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं कायमची बंद.

पाऊस, दरड आणि तारखा

शहरातल्या डॉक्टरला जे माहीत नसतं ते आपल्याला माहीत आहे. पावसाळ्यात आंबेनळीत दरड आली की महाबळेश्वरकडची वाट बंद. २०२१ च्या जुलैत सावित्री नदीनं महाड बुडवलं आणि तळिये गावावर डोंगर आला, तेव्हा किती दिवस कोण कुठे अडकलं होतं ते आठवा. उपचारांच्या तारखा ठरवताना हे डॉक्टरांना सांगा.

केमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर ती तातडीची वेळ. घरी क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहायची नाही. म्हणून केमो जून ते सप्टेंबरमध्ये पडत असेल तर वरच्या वाडीतल्या रुग्णानं ते आठ-दहा दिवस पोलादपूर-महाडला किंवा मुंबईत नातलगाकडे काढावे. घरात डिजिटल थर्मामीटर हवा. टॅमॉक्सिफेनची निदान दोन-तीन महिन्यांची बेगमी पावसाआधी करून ठेवा, लाकूडफाटा आणि सुकटीबरोबर.

कुठे जायचं, पैसे कसे उभे करायचे

परळ आपल्याला परकं नाही. गिरण्यांच्या दिवसांत आपल्या तालुक्यांतली किती घरं लालबाग-परळच्या खोल्यांवर चालली. त्याच परळमध्ये, डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर, १९४१ पासून टाटा मेमोरियल उभं आहे. रस्त्याला नाव आहे ते गोमंतकातून आलेल्या, तिथेच हयात घालवलेल्या कर्करोग-शल्यचिकित्सकाचं. याच संस्थेचं ॲक्ट्रेक हे केंद्र खारघरला आहे आणि खारघर रायगड जिल्ह्यातच येतं. पोलादपूरहून पनवेल साधारण दीडशे किलोमीटर. नाव कुठे नोंदवायचं ते आधी विचारून निघा. दक्षिणेकडे, चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयानं टाटाच्या सहकार्यानं कर्करोग तपासणीचं काम केलेलं आहे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळतं आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार तिच्यात बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि कुठल्या तपासण्या बसतात, कुठल्या नाहीत, हे पैसे भरण्याआधी विचारा. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपरचं आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक दाखला लागतो. वीर स्थानकावरून जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. मुक्कामासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. आणि गावाचं मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ कशासाठी असतं? पालखीच्या वर्गणीइतक्याच हक्कानं त्यांना खोलीसाठी, रक्तासाठी, सोबतीसाठी विचारा.

घरच्या माणसांना

स्तनविभागाच्या बाकावर सगळ्या बायका. नवरा-बायको येऊन बसले की कर्मचारी बायकोलाच नावानं हाक मारतो, आणि नवऱ्याला उठून ‘मीच पेशंट’ म्हणावं लागतं. हे वाक्य म्हणायला जीव जड होतो. सोबत जाणाऱ्यानं ते आधीच म्हणून टाकावं, म्हणजे बाबांना म्हणावं लागणार नाही. उपचार संपल्यावरही पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तपासणीला जायचं असतं. या फेऱ्यांना बाबा एकटे जाणार नाहीत एवढं पाहा. ‘मी बरा आहे, कशाला फुकटची फेरी?’ हे ते म्हणणारच.

आणि बाबांना एवढंच सांगणं. स्तन हा शब्द तोंडातून निघत नसेल तर नका काढू. छाती म्हणा, ऊर म्हणा, बोंडीमागची गोळी म्हणा. डॉक्टरला सगळं कळतं. पण हाताला लागलेली, पंधरा दिवसांत न गेलेली गाठ शर्टाखाली ठेवू नका. लावणी उरकू दे, गणपती होऊ देत, होळीला मुंबईकर आले की बघू, असं करत एक वर्ष सहज निघून जातं. गाठ कुठल्याच सणाला थांबत नाही.